उजवा कौल आणि गाडीखालचं झाकण

जे झाकलेलं आहे ते माणूस उघडणारच, आणि उघडलेलं पुन्हा होतं तसं त्याला झाकता येणार नाही, असा सृष्टीचा नियम आहे. ऋषिमुनींनी तो मनाविषयी सांगितला असावा. आमच्या जामसंड्यात तो गाडीच्या पोटाखालच्या झाकणाला लागू पडतो.

झाकण म्हणजे कुठलं, ते आधी सांगते. रस्त्यावरचा चिखल आणि खडी इंजिनाला लागू नये म्हणून खालून एक काळं सपाट आवरण बसवलेलं असतं. गॅरेजवाले त्याला 'खालचा पत्रा' म्हणतात. तो प्लास्टिकचा असतो. तो प्लास्टिकच्याच क्लिपांनी गाडीला धरलेला असतो, आणि जुनं ऑइल सोडायचं बूच नेमकं त्याच्या वर दडलेलं असतं. या क्लिपा ज्याने घडवल्या त्याला मी मनोमन हात जोडते. अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू, पण तिच्यापुढे भलेभले निवृत्त अधिकारी पाठीवर आडवे होतात. (आपल्याकडे साष्टांग नमस्कार पोटावर घालतात. हा नवा प्रकार आहे.)

मी व्रतवैकल्यं करणारी बाई. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. (बुधवारी आणि रविवारी मासे. देव समजूतदार आहेत.) यंदा सोळा सोमवार धरले होते. ते निर्विघ्न पार पडले आणि कुणकेश्वराच्या देवळात उद्यापन करायचं ठरलं. उद्यापनाला नवराबायकोने जोडीने बसायचं असतं. सोमवारी पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. तेव्हा मला हवं होतं ते एवढंच: सोमवारी सकाळी गाडी चालू व्हावी, कुणकेश्वरला पोचावी आणि माझ्या शेजारच्या पाटावर आमचे हे बसलेले असावेत.

आमचे हे म्हणजे हरिश्चंद्रराव. (नाव लिहिलं आहे, तोंडाने घेतलेलं नाही.) सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. रविवारी सकाळी ह्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरा गृहस्थ पांढरे हातमोजे घालून गाडीखाली जातो आणि थोड्या वेळाने पांढऱ्याच हातमोज्यांनिशी बाहेर येतो. तो पाहून ह्यांनी संकल्प सोडला की उद्याच्या प्रवासाआधी गाडीचं ऑइल घरच्या घरी बदलायचं. गॅरेजवाला लुबाडतो, हे संकल्पाचं कारण. गॅरेजवाल्याने आजवर नक्की काय लुबाडलं, हे विचारायचं नसतं. संकल्पाला कारण लागतं, पुरावा लागत नाही.

या व्रताची मी मनापासून वाखाणणी करते, कारण माझ्या व्रतांपेक्षा ते फार कडक आहे. ते रविवारीच करावं लागतं, म्हणजे दुकानं बंद असतात. अर्ध्यावर सोडता येत नाही. त्यात बायकोचा सल्ला निषिद्ध, पण बायकोची भांडी चालतात. आणि आजूबाजूच्या किमान दोन पुरुषांनी पाठीमागे हात बांधून उभं राहावं लागतं, त्याशिवाय फळ नाही.

दोघे आपणहून आले. एक महादू भावजी, शेजारचे. आंब्याचा व्यापार करतात आणि गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागण्याचा, मान त्यांच्या घरात आहे. दुसरे कॉन्स्टान्सियो, आयुष्यभर बोटीवर इंजिनरूममध्ये होते. ते चर्चमधली मीस आटपून, पांढरा शर्ट घालूनच आले.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चिरे रचून गाडी त्यांवर चढवली. चिरा म्हणजे आमच्याकडचा जांभा दगड. त्याचं घर होतं, विहीर होते, कुंपण होतं, तेव्हा गाडीने का तक्रार करावी. उजवीकडचा एक चिरा आधीच कोपऱ्याला फुटलेला होता. त्यामुळे गाडी उजवीकडे चांगलीच कलली. कॉन्स्टान्सियो डोळे बारीक करून म्हणाले, "आमची बोट हेच्यापेक्षा कलती व्हायची रे हरी. तरी दुबईक पोचायची." तो मुद्दा तिथेच निकाली निघाला.

मग हे खाली गेले. एक सांगायला हवं. हे एरवी आमच्यासारखंच मालवणी बोलतात, पण हातात पाना आला की तोंडून टेंडर नोटीस बाहेर पडते. गाडीखालून आवाज आला, "सदर क्लिप अपेक्षित दिशेने फिरत आहे, तथापि बाहेर येत नाही."

क्लिपा तीन प्रकारच्या आढळल्या. पहिली फिरवली की फिरते आणि फिरतच राहते, निघत नाही. (गणपतीत काही पाहुणे असे असतात.) दुसरीची मधली खुंटी आधी हळूच वर काढायची असते. ते न करता ओढली की डोकं हातात येतं आणि धड आतच राहतं. तिसरी मागच्या सर्व्हिसिंगपासून जागेवर नसतेच. व्रतात सर्वाधिक सहकार्य या तिसऱ्या प्रकाराने केलं.

हत्यारं पुरेनात, तेव्हा घरात मागणी आली. पापडाचा चिमटा गेला. आदोळी, म्हणजे विळी, गेली, मी बांगडे अर्धे चिरून ठेवले होते ते तसेच राहिले. मग आमची सून दिव्या देवघराकडे बघत म्हणाली, "आई, पूजेची पळी दिसणा नाय ती." आणि खळ्यात डोकावून म्हणाली, "बाबा गाडयेक तीर्थ देतत वाटता."

पळी तांब्याची असल्यामुळे वाकली. क्लिप वाकली नाही.

आता कौलाचं सांगते. आमच्याकडे मोठं काम काढलं की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. दुपार कलली तरी हे गाडीखालीच, आणि एकाएकी उजव्या बाजूची एक क्लिप, कुणी हात न लावता, टप्पकन खाली पडली.

महादू भावजी गंभीर झाले. त्यांनी चपला काढल्या. म्हणाले, "हरी, उजवो दिलान."

तिथून पुढे कामाला शिस्त आली. ओढायची की कापायची, असा प्रश्न पडला की भावजी झाकणाला थाप मारून विचारत आणि सगळे वाट बघत. क्लिपा उजवीकडच्याच पडत. गाडीच उजवीकडे कलती असल्यावर त्या आणखी कुठे पडणार, पण हे मी बोलले नाही. देवाच्या कामात मध्ये बोलू नये. कापायला होकार, ठोकायला होकार, कॉन्स्टान्सियोंच्या सल्ल्याने घणाला होकार. एकदा डावीकडची पडली, तेव्हा सगळ्यांनी चहा घेतला आणि प्रश्न पुन्हा विचारला.

माझ्या निरीक्षणाप्रमाणे घरच्या ऑइलबदलात शेकडा नव्वद वेळ झाकण काढण्यात जातो, नऊ परत लावण्यात, आणि उरलेल्या एकात ऑइल बदललं जातं. आमच्याकडेही तसंच झालं. जुनं ऑइल माझ्या धुण्याच्या बालदीत पडलं आणि बालदी वाळवीवर औषध म्हणून आंब्याच्या कलमाच्या बुंध्याला रिकामी झाली. नवं घातलं. बूच घट्ट बसलं. थेंब गळला नाही. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे ते कामाला येणार आहे.

मग झाकण परत लावायची वेळ आली आणि धड राहिलेल्या क्लिपा वाटीत घेतल्या तर वाटीचा तळ झाकेना. तिरक्या गाडीखाली तिरकं झोपून बसवल्यामुळे डावीकडची भोकंही जुळेनात. भावजींनी आंब्याच्या पेट्या बांधायची पट्टी दिली. कॉन्स्टान्सियोंनी जाळ्याची नायलॉनची दोरी आणून तिला बोटीवरची गाठ मारली, "ही गाठ वादळात सुटना नाय" असं म्हणून. समुद्रावर गतिरोधक नसतात, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. भावजी म्हणाले, "बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा, आज ह्या हरीन आपल्या गाडयेचा ऑइल घरच्या घरी बदलल्यान हा. जे क्लिपी मोडले ते मोडांदेत, पण हेचो शब्द मोडू नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. रस्त्याने जाणारे दोघेजण थांबले, कसलं गाऱ्हाणं ते न विचारता तेही "होय म्हाराजा" म्हणाले आणि आपल्या वाटेने गेले.

सोमवारी सकाळी निघालो. पुढे हे आणि भावजी, मागे मी, दिव्या आणि कॉन्स्टान्सियो. (भावजी गाऱ्हाण्यासाठी, कॉन्स्टान्सियो इंजिनासाठी. एकट्या देवावरच भार नको.) मांडीवर चुरम्याचा डबा, तोंडाला मौन. पहिल्या गतिरोधकावर खालून खर्र असा आवाज आला. हे म्हणाले, "रस्तो खराब आसा." दुसऱ्यानंतर आवाज थांबेचना. ह्यांनी भजनाचा आवाज वाढवला. दिव्याने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. मिठमुंबरीच्या पुलाच्या अलीकडे झाकणाची पुढची कड डावीकडून सुटली, रस्त्यात रुतली, दुमडून चाकाखाली गेली आणि गाडी एक मोठा सुस्कारा टाकून थांबली. गाठ शाबूत होती. तिने निम्मं झाकण शेवटपर्यंत धरून ठेवलं, म्हणूनच तर ते चाकात गेलं.

तिघे उतरले. बिघाड खाली होता, म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. थोडा वेळ तिघांनी इंजिनाकडे अशा आदराने पाहिलं की मीच हात जोडले. मग भावजी म्हणाले, "कौल लावया."

"हय?" हे म्हणाले.

"देव सगळीकडे आसा मरे."

रस्ता सपाट होता. गाडी आज कुठेच कलती नव्हती. भावजींनी खाली वाकून झाकणाला थाप मारली आणि काहीच पडलं नाही, ना उजवीकडून ना डावीकडून. तिघेही वाट बघत उभे राहिले.

तेवढ्यात देवगडहून एसटी आली. मी हात केला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तू फुडे हो गो. हय पाच मिन्टाचा काम." पुरुषाची पाच मिनिटं म्हणजे किती, हे पंचांगात दिलेलं नाही. दिव्याने डबा घेतला आणि चढता चढता म्हणाली, "बाबांनू, पळी घरी ठेवलास ना? नायतर हय गरज लागतली." कंडक्टरने खंय जातास म्हणून मला विचारलं. मी दिव्याच्या हातातला डबा दाखवला. त्याने दोन कुणकेश्वर फाडले.

देवळात गुरवांनी दोन पाट मांडले होते. "यजमान खंय?" दिव्या म्हणाली, "कौल लावतत."

गुरव शहाणा माणूस. शास्त्रात याला सोय आहे. जोडीदार हजर नसेल तर त्याच्या जागी सुपारी मांडतात. त्यांनी शेजारच्या पाटावर अक्षता घालून एक सुपारी ठेवली, आणि माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन मी सुपारीसोबत केलं. विधी यथासांग पार पडला. सुपारी सरळ बसली. तिने पाना मागितला नाही, गुरवाला सल्ला दिला नाही, व्हिडिओत वेगळं दाखवलं होतं असं म्हटलं नाही. चुरम्याचे तीन भाग केले, एक देवाला, एक गुरवांना, एक घरच्यांसाठी. मौन सोडल्यावर पहिलं वाक्य मी सुपारीशी बोलले. काय, ते आमच्या दोघांत राहू दे.

हे संध्याकाळी टेम्पोमागे गाडी बांधून घरी आले. प्रसाद दिला. तो खाऊन म्हणाले, "ऑइल बाकी एक थेंब गळूक नाय." खरं होतं. मी हो म्हटलं. सुपारी आता देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. एकदा ह्यांनी विचारलं ही कसली, तर मी म्हटलं, तुमचीच.

थेंब न गळल्याची वार्ता गावात पसरली, झाकणाची मागे राहिली. पुढच्या रविवारी आमच्या खळ्यात आणखी दोन गाड्या आल्या. चिरे तेच, फुटका कोपराही तोच, आणि कौल अजून उजवाच मिळतो. भावजींनी मुहूर्त द्यायला सुरुवात केली आहे. पाठीमागे हात बांधून उभे राहणारे आता इतके झाले आहेत की चहाला मोठं पातेलं काढावं लागतं.

तुम्हीही या. लांबून आलात तरी परकं वाटणार नाही, कारण असं खळं तुमच्याही गावात आहे, आणि तिथे चिऱ्यांवर जे कलतं उभं आहे ते नेहमी गाडीच असतं असं नाही. ते कलतं आहे हे तुम्हाला लांबूनच दिसतं. मलाही दिसलं होतं, आणि मी गप्प राहिले. तुम्ही तर गप्पही राहत नाही. रस्त्याने जाता जाता थांबता, "होय म्हाराजा" म्हणता, आणि आपल्या वाटेने जाता.