निवळीचं कुंकू

“दगडे, निवळी पळती तितलंच पाणी देवाला घ्यायचं. निवळी नसंल तितं तांब्या बुडवायचा न्हाई. आन् माज्यामागं ह्यात खंड पडू द्यायचा न्हाई.”

सासूबाईंनी, चतुराबाईंनी, हे सांगितलं त्याला तेवीस वर्षं झाली. चतुराबाई देवाघरी गेल्या, पण दगडाबाईंचा नेम चुकला नाही. धारूरच्या डोंगरातल्या ओढ्यावर त्या दिवस उगवायला जायच्या. सुईएवढ्या पायांनी पाण्यावर न बुडता पळणारा निवळीचा किडा कुठं आहे ते बघायच्या, तिथंच तांब्या भरायच्या आणि महादेवाला घालायच्या. निवळीला पाय किती, हे मात्र त्यांनी कधी मोजलं नव्हतं. देवाच्या दारातल्यांचे पाय कोण मोजतं?

ते मोजायला धाकटी जाऊ आली.

संगीता बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. जोडून आलेल्या तीन सुट्ट्या धरून ती जाळी, भिंग आणि वही घेऊन हजर झाली. ओढ्यातल्या निवळीची जात ओळखायची आणि तिचं वागणं टिपायचं, असं तिनं मनावर घेतलं होतं. दगडाबाईंना त्याचंही काही वाटलं नसतं. वाटलं ते नवऱ्याचं, धुळाजींचं. मेंढरांशी दिवसभर बोलणारा हा माणूस घरात पाऊल टाकलं की मुका व्हायचा. तेवीस वर्षांत बायकोच्या डोक्यावरची घागर त्यानं एकदा उतरवून घेतली नव्हती. तेच धुळाजी भावजयीची जाळी खांद्यावर टाकून पुढं वाट दाखवत निघाले.

संध्याकाळी संगीता रंगात येऊन सांगत होती. “दादा, तिचे मधले पाय वल्ह्यासारखे. पुढचे आखूड, किडा पकडायला. आणि कितीदा तरी नर मादीच्या पाठीवर बसून हिंडतो. पळायचं काम तिचं.”

“म्हंजे आपल्या घरावानीच की,” चुलीपाशून दगडाबाई म्हणाल्या.

“गप ग,” धुळाजी म्हणाले. “शास्त्र चाललंय हितं.”

“दिवसभरात पाच सापडल्या,” संगीता म्हणाली. “त्यांच्या पाठीवर पांढरं नेलपॉलिश लावून सोडलंय. म्हणजे उद्या ओळखू येतील.”

दगडाबाईंचा हात भाकरीवरच थांबला. पांढरं?

रविवारी पहाटे त्यांनी बघितलं, तर खरंच पांढऱ्या ठिपक्याच्या पाच जणी देवाच्या पाण्यावर पळत होत्या. सवाष्णीनं असलं कसं बघायचं? खरं सांगायचं तर पांढरं हे निमित्त होतं. आपल्या निवळ्यांवर दुसरीची खूण, हे खुपत होतं. दगडाबाईंनी कमरेच्या पिशवीतून ओल्या कुंकवाची बाटली काढली. हात पाण्यात धरून त्या सावलीत दगडासारख्या बसल्या. तळव्यावरच्या पाण्यावर एक मेलेली मुंगी सोडली. निवळी मुंगीकडं आली की तळवा वर, पाठीवर बारीक ठिपका, आणि पुन्हा पाण्यात. उन्हं वर येईतो त्यांनी चाळीस जणींना कुंकू लावलं. बाटली अर्धी झाली, तेव्हा जीव गार झाला.

दुपारी संगीता पळत आली. “आक्का! दादा! लाल ठिपक्याची निवळी! काल एक नव्हती, आज डोहभर! हातात एक येईना, पण फोटो मिळाला. मी आमच्या कॉलेजातल्या बंकटसरांना पाठवला पण!”

“आगं संगीता, ती…”

“तुला काय कळतंय त्यातलं? गप बस!” धुळाजी म्हणाले.

“बरं,” म्हणून दगडाबाई गप बसल्या. त्या गप्प बसण्याला गुळाची चव होती.

तासाभरात सरांचा फोन आला. या डोंगरात असली निवळी त्यांनी कधी पाहिली नव्हती, उद्या ते स्वतः येणार होते. धुळाजींनी ही बातमी मेंढरांसकट सगळ्या वस्तीला सांगितली. सरपंचांनी फ्लेक्स आणला. त्यावर सरपंच हातभर आणि निवळी बोटभर होती.

“नवी जात निघाली तर तिला नाव देता येतं म्हणं,” धुळाजी म्हणाले. “आपल्या वड्यात ‘संगीता निवळी’! लई भारी!”

दगडाबाईंनी चुलीत लाकूड रेटलं. ओढा आपला, नेम आपला, आणि नाव हिचं?

रात्र सरली तशी मात्र त्यांना टोचणी लागली. पोरीची कॉलेजात शोभा होईल. सांगून टाकावं. पण खरं बोलायची बुद्धी झाली ती नेमकी सोमवारी, आणि सोमवारी दिवा लागेपर्यंत त्यांचं मौन असायचं. त्यांनी आधी आपल्या कुंकवाकडं बोट दाखवलं, मग ओढ्याकडं, मग स्वतःच्या पाठीकडं.

“डोकं दुखतंय म्हणती,” धुळाजींनी अर्थ लावला. “पाठ बी. वड्याला जाऊ नको मग.”

संगीतानं गोळी पुढं केली. दगडाबाईंनी कपाळाला हात लावला.

“बगा, लईच दुखतंय,” धुळाजी म्हणाले.

बंकटसर आले. जाळी घेऊन तासभर डोहात वाकले. जाळीची सावली पडली की निवळ्या पसार. सर घामेघूम, सरपंचांचा हार कोमेजलेला, संगीता रडकुंडीला. शेवटी दगडाबाईंना बघवेना. त्या पुढं झाल्या, मुंगी सोडली, तळवा उचलला, आणि लाल ठिपक्याची निवळी सरांच्या बाटलीत अलगद सोडली.

सरांनी भिंग लावलं. 

“संगीता मॅडम, ही इथली नेहमीचीच निवळी आहे,” सर म्हणाले. “पाठीवर आहे ते कुंकू आहे.”

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत दगडाबाईंच्या कपाळावर येऊन थांबल्या. रंग तोच होता. सरपंच हळूच फ्लेक्सपासून चार पावलं लांब सरकले.

सर मात्र हसत सुटले. “मॅडम, दिवसभरात तुम्ही पाच धरल्या. मी तासात एकही नाही. पाय न मोडता एवढ्या कुणी धरल्या हो? मला ती जात आधी ओळखायची आहे!”

दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. मौन होतं म्हणून बरं.

देवापुढं दिवा लागला तशी संगीता शेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले होते. “आक्का, का केलंत असं?”

“जळले गं तुज्यावर,” दगडाबाई हळू म्हणाल्या. “देवापुढं खोटं बोलत न्हाई. चुकलं माजं.”

“माझ्यावर?” संगीतानं हातातल्या पाटल्या पुढं केल्या. “सासूबाईंनी मला ह्या दिल्या आणि पाहुणीसारखं बीडला लावून दिलं. तुम्हाला ओढा दिला. बारा वर्षं मी तुमच्यावर जळतेय.”

दगडाबाईंनी पाटल्यांकडं गरजेपेक्षा जरा जास्तच बघितलं. “आदलाबदल करती का मग?”

“तुम्ही द्याल ओढा?”

“न्हाई बा.”

दोघी हसल्या, तसे धुळाजी दारातून म्हणाले, “काहून हसताय गं?”

“गप बसा,” दगडाबाई म्हणाल्या. “शास्त्र चाललंय हितं.”

संगीतानं आपली वही त्यांच्या मांडीवर ठेवली. “रोज किती दिसल्या, तेवढं लिहून ठेवाल? पांढऱ्या किती, लाल किती, साध्या किती. पण आता कुंकू नाही हं लावायचं.”

“न्हाई लावणार. शब्द दिला.”

मंगळवारी पहिल्या एसटीनं संगीता गेली. दगडाबाईंनी तांब्या घासला. कोनाड्यातली अर्धी बाटली हातात घेतली. बिनठिपक्याच्या अजून किती राहिल्यात, हे त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. बाटली त्यांनी परत जागेवर ठेवली. वही पदराखाली धरली आणि पायांचा आवाज न करता त्या ओढ्याकडं निघाल्या.