नागनाथरावांचं विमानाचं चाक

"मी विमानात बसत नाई," असं सांगून सुनयनाबाईंनी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि मेथी निवडायला घेतली.

मोबाइलवर तिकिटं आली होती. नागपूरहून बंगळूरची, दोघांची. मुलीनं, वृषालीनं पाठवलेली. तिचे दिवस भरत आले होते आणि आईबाबांनी बाळंतपणाला यावं असं तिचं म्हणणं होतं. आगगाडीच्या लांबच्या प्रवासाला सुनयनाबाईंची कंबर साथ देत नव्हती, म्हणून विमान.

"काऊन नाई बसत?" नागनाथरावांनी विचारलं.

"पडते ते."

"अवं, रोज हजारो विमानं उडून राह्यली. टीव्हीवर फक्त पडलेलं दाखोतात. जे पडत नाई ते कोनी दाखोत नाई."

"मंग तुमी दाखवा," सुनयनाबाई मेथीची जुडी सोडत म्हणाल्या. "न पडलेलं दाखवा मले, मंग पाहू."

शाळेत मास्तरीण म्हणून उभा जन्म घालवलेल्या बाईनं हे सहज म्हटलं, पण नागनाथरावांनी ते सहज घेतलं नाही. उटनूरच्या सरकारी दफ्तरात त्यांची नोकरी झाली होती. कितीही किचकट फाइल असली तरी पहिल्या कागदापासून शांतपणे वाचत गेलं की गुंता सुटतो, हा तिथला त्यांचा अनुभव. भीतीचंही तसंच असणार. विमान कसं उडतं हे बायकोला एकदा नीट दिसलं, की ती आपणहून बॅग भरेल.

वृषालीचा जुना कॉम्प्युटर आदिलाबादजवळच्या मावल्याच्या घरात झाकून ठेवलेला होता. नागनाथरावांनी त्याच्यावरची चादर काढली, तो जेवणाच्या टेबलावर मांडला आणि विमान चालवण्याचा खेळ त्यात उतरवून घेतला. खेळ म्हणजे अगदी खऱ्यासारखा. समोर धावपट्टी, काचेखाली घड्याळांसारखी यंत्रं, वर आभाळ. संध्याकाळी त्यांनी बायकोला शेजारी खुर्ची मांडून दिली.

"हे पाह्य, आता निघालो आपन."

कीबोर्डचं एक बटण दाबलं की विमान नाक वर करायचं आणि दुसरं दाबलं की एका अंगावर कलायचं. पण बटणाला थोडं आणि जास्त यातला फरक कळत नाही. विमान उठलं, डावीकडे कललं, ते सावरायला गेले तर उजवीकडे दुप्पट कललं आणि बघता बघता पडदाभर निळं झालं.

"हे काय होय?" सुनयनाबाईंनी विचारलं.

"समुद्र."

"अन् आपन कुठं?"

नागनाथरावांनी खेळ बंद केला. दुसऱ्या संध्याकाळी ते डोंगरात गेले. तिसऱ्या संध्याकाळी विमान जमिनीवरून उठलंच नाही, सरळ विमानतळाच्या इमारतीत शिरलं. सुनयनाबाई रोज येऊन बसायच्या, विमान पडलं की पदर सावरून उठायच्या आणि जाताना एवढंच विचारायच्या, "झालं?"

दोष आपला नसून कीबोर्डचा आहे, असं नागनाथरावांच्या ध्यानात आलं. खऱ्या विमानात चालकापुढे अर्धवट कापल्यासारखं एक चाक असतं. ते ओढलं की विमान वर जातं, ढकललं की खाली आणि फिरवलं की वळतं. त्याला योक म्हणतात आणि घरच्या कॉम्प्युटरला जोडायचे योकही मिळतात. हे कळल्यावर त्यांना दफ्तरातले दिवस आठवले. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी चौकशी, मग पाहणी, मग मंजुरी.

चौकशी शेजारच्या भगवानरावांपासून सुरू झाली. भगवानराव एसटीसारखी सरकारी बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी दोन योकचे फोटो मोबाइलवर मोठे करून पाहिले. एक हलका, प्लास्टिकचा, थोडासाच फिरणारा. दुसरा जड, चांगली अर्धी गिरकी घेणारा, टेबलाला शिकंज्यानं आवळायचा.

"हे लहानं काई कामाचं नाई, नागनाथभाऊ," भगवानराव ठामपणे म्हणाले. "उटनूरच्या घाटात असं स्टेरिंग असतं तर मी आज तुमच्यासमोर बसलो नसतो. मोठंच घ्या. पन मले एक सांगा, हॉर्न कुठं हाय याले?"

"विमानाले हॉर्न नसते."

"मंग समोरून आलेल्याले समजते कसं?"

यावर नागनाथरावांनी बरंच वाचन केलं, पण भगवानरावांचं समाधान होईना. पाहणीसाठी नागनाथराव आदिलाबादच्या बाजारात गेले. तिथल्या दुकानदारानं गाडीच्या शर्यतीच्या खेळाचं स्टिअरिंग पुढे केलं. "साब, चीज यही है. बस ऊपर-नीचे नहीं जाएगा."

"ऊपर-नीचेच तो होना," नागनाथराव म्हणाले आणि परत आले. अखेर मोठ्या योकची मागणी मोबाइलवरूनच नोंदवली.

खोकं आलं. योक देखणा होता, काळाभोर, दोन्ही हातांत भरणारा. ओढला की आतली स्प्रिंग तो हळूच परत जागेवर नेई. नागनाथरावांनी तो जेवणाच्या टेबलाला लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. टेबल सागवानी, सुनयनाबाईंनी निवृत्त होताना हौसेनं करवून घेतलेलं. त्याची फळी इतकी जाड, की शिकंज्याचा जबडा तिच्यावर बसेना.

रविवारी सुनयनाबाई विहारात वंदनेला गेल्या, तेव्हा नागनाथरावांनी चंपत सुताराला बोलावलं. "खालून थोडंसं तासून दे. वरून दिसलं नाई पाह्यजे."

चंपतनं खालून तासलं. वरून काही दिसत नव्हतं. योक असा घट्ट बसला, की नागनाथराव त्याच्याकडे पाहतच राहिले. सुनयनाबाई परतल्या, त्यांनी टेबलाखाली पडलेला लाकडाचा भुसा पाहिला, वाकून फळीखालून हात फिरवला आणि झाडू नवऱ्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेल्या. भुसा नागनाथरावांनी झाडला.

पण आता मागे हटून चालणार नव्हतं. संध्याकाळी भगवानराव बायकोला घेऊन आले. त्यांच्या बायकोनं वाटेत दोघींना सांगितलं होतं, त्याही आल्या. एकीच्या कडेवर नातू होता. नागनाथरावांनी सगळ्यांना बसायला दिलं, घसा साफ केला आणि विमान सोडलं. धावपट्टी मागे पळू लागली. भगवानराव पुटपुटले, "आता उचला, भाऊ. उचला आता."

नागनाथरावांनी योक ओढला. विमान उचललं. आणि चंपतनं तासलेल्या जागेपासून सागवानी फळीचा तुकडा, शिकंज्यासकट आणि योकसकट, कडाडून सुटला आणि नागनाथरावांच्या मांडीवर आला. त्याबरोबर टेबलावरचं वरणाचं पातेलंही आलं. वरण गरम नव्हतं, हे नशीब. पडद्यावर विमान उभंच्या उभं वर गेलं, क्षणभर थांबलं आणि शेपटीवर खाली आलं.

"अवो माय!" कडेवर नातू असलेली बाई ओरडली. नातू रडायला लागला.

त्या संध्याकाळीच गल्लीचं मत बनलं. सकाळी दळण घेऊन जाणारी बाईसुद्धा फाटकाशी थांबून म्हणाली, "ताई, नका जाऊ वो विमानात. आमी पाह्यलं ना कसं पडते ते." सुनयनाबाई तिला म्हणाल्या, "मी बी पाह्यलं." नागनाथराव आत खुर्चीत बसून हे ऐकत होते. न पडलेलं विमान दाखवायला निघालेल्या माणसानं अख्ख्या मावल्याला पडलेलं दाखवलं होतं.

दोन दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिकिटाची तारीख जवळ येत होती. वृषाली फोनवर शुद्ध, नीटनेटक्या मराठीत विचारायची, "बाबा, आईची तयारी झाली का?" आणि ते म्हणायचे, "होऊन राह्यली." नातवंडाचं तोंड पाहायला आपण एकटेच जाणार आणि मुलीनं विचारल्यावर काय सांगणार, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

घरात पातळ फळीची एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे सुनयनाबाईंचं शिलाई मशीन. त्याला हात लावायची या घरात पद्धत नव्हती. नागनाथरावांनी तरीही त्याच्यावरचं फडकं जरासं उचललं आणि तसंच थांबले. सुईखाली एक झबलं होतं. अर्धं शिवलेलं, तळहाताएवढं, पिवळ्या मऊ कापडाचं. बाजूच्या खणातून तशीच आणखी झबली डोकावत होती, घडी करून ठेवलेली.

"काय पाह्यता?" मागून आवाज आला.

नागनाथराव दचकले. झबल्यांबद्दल विचारावं असं त्यांच्या मनात आलं, पण तोंडून निघालं ते वेगळंच. "याची फळी पातळ हाय. इथं बसन ते, असं पाहून राह्यलो होतो."

सुनयनाबाई मशीनपाशी आल्या. मग त्यांनी झबलं सुईखालून सोडवलं, खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "लावा. पन करवत आनू नका."

कॉम्प्युटर शेजारी आणला आणि योक मशीनच्या फळीवर चपखल बसला. आज प्रेक्षक कोणी नव्हते. भगवानरावांचा निरोप आला होता, की त्यांच्या बायकोला ते दृश्य पुन्हा पाहवणार नाही. नागनाथरावांनी विमान सोडलं, योक हलकेच ओढला, आणि विमान उठलं. कललं नाही, डगमगलं नाही. खाली शेतं लहान लहान होत गेली. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. तेवढ्यात शिकंज्याचा स्क्रू सैल झाल्यासारखा वाटला.

"जरा धर. मी खालून आवळतो."

"मी?"

"फक्त धर. सरळ ठेव."

सुनयनाबाईंनी दोन्ही हातांनी योक धरला. मशीनवर कापड सरळ नेऊन नेऊन तयार झालेले ते हात होते, विमान रेघेत चाललं. नागनाथराव मशीनखाली शिरून स्क्रू शोधू लागले.

"अवो," वरून आवाज आला. "मले विमानाची भीती नाई वाटत."

नागनाथरावांचा हात स्क्रूवरच थांबला. "मंग?"

"तिथं जायाची वाटते." सुनयनाबाईंची नजर पडद्यावर होती, आवाज एकसारखा होता. "तिची सासू कॉलेजात प्रिन्सिपाल होती. घरात सैपाकाले बाई, बाळाले बाई. पोरगी मले फोनवर म्हनते, आई, तू इथे फक्त आराम कर. आरामाले कायले बोलावते? आरामाले पाहुने जातात. मी तिथं सोफ्यावर बसन, कोनी चहा आनून देईन, मी थँक्यू म्हनन. माह्या पोरीच्या बाळंतपनात मी थँक्यू म्हनाले जाऊ का?"

नागनाथराव मशीनखालीच होते. बाहेर यावं तर ती बोलायची थांबेल, असं त्यांना वाटलं.

"उंची किती हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"काटा सरळ हाय. अन् हे झबले. शिवले मी, पन नेऊ कसे? तिथं सारं दुकानातलं असन, डब्यात बंद, टिकल्या-मोत्यांचं. ती चांगलीच म्हनन माह्यासमोर. तेच तर. चांगलीच म्हनन."

त्या बोलत राहिल्या. वृषाली हॉस्टेलला गेली तेव्हाचं बोलल्या, तिचं बोलणं हळूहळू गुळगुळीत होत गेलं त्याबद्दल बोलल्या. विमान सरळ चाललं होतं, कुठे जायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. शेतं संपली, किनारा संपला. मध्येच इंजिनचा आवाज बंद पडला. पडदा हळूहळू निळा होत गेला.

"तेल संपलं वाटते," नागनाथराव खालून म्हणाले. "पडलं का?"

"पडलं," सुनयनाबाईंनी योक न सोडता सांगितलं. "पडू द्या. मी काय म्हनून राह्यली होती?"

बऱ्याच वेळानं नागनाथराव गुडघे धरत बाहेर आले. ते एवढंच म्हणाले, "तुले निदान झबलं शिवता येते. मी तिथं काय करू? मले तर तेबी येत नाई."

सुनयनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गुडघ्यांना धूळ, केसांत दोऱ्याची गुंतवळ. त्यांना एकदम हसू फुटलं आणि ते आवरेना. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "चला. जाऊन तर पाहू. झबले तुमच्या बॅगेत ठेवा. कोनी विचारलं तर तुमी आनले म्हना."

ठरल्या दिवशी दोघं नागपूरला पोचले. विमानात शिरताना सुनयनाबाई पुढे होत्या. दाराशी डाव्या हाताला चालकाची खोली होती आणि तिचं दार उघडं होतं. इतक्या दिवसांच्या अभ्यासानंतर नागनाथराव तिथे न डोकावते तरच नवल. त्यांनी मान आत घातली आणि मागच्या प्रवाशांची वाट अडवून तिथेच उभे राहिले.

चालकापुढे चाक नव्हतं. योक नव्हता. समोर नुसतं सपाट फळीसारखं काहीतरी होतं आणि खुर्चीच्या बाजूला हाताच्या मुठीएवढी एक दांडी.

"मॅडम," त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "इसमें वो चक्का नहीं है?"

"वेलकम सर," ती हसून म्हणाली.

बायकोला सांगावं की नाही, याचा त्यांनी विमान धावपट्टीवर पोचेपर्यंत विचार केला आणि नाही सांगितलं. जी जी गोष्ट त्यांनी शिकून घेतली होती ती ती आता त्यांना आठवत होती, आणि त्यातली कुठली त्या दांडीनं होते हे त्यांना माहीत नव्हतं. पंख हलला की ते दचकत, आवाज बदलला की कान टवकारत. सुनयनाबाईंनी खिडकीतून ढग पाहिले, दिलेलं सँडविच खाल्लं, नवऱ्याचंही खाल्लं आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टेकून झोपल्या.

बंगळूरच्या विमानतळाबाहेर वृषाली उभी होती. शेजारी नवरा, थोडं मागे उंच, चष्म्यातल्या सासूबाई. सुनयनाबाईंची चाल मंदावली. त्यांनी पदर नीट केला, नमस्कारासाठी हात जोडायला घेतले. ते पुरते जोडून व्हायच्या आत वृषाली पुढे आली आणि पोट सांभाळत, भर रस्त्यात, आईच्या गळ्यात पडली.

"आई, मले लय भेव वाटून राह्यलं वो," ती हुंदके देत म्हणाली. "तू जाऊ नको आता. कोनी काई सांगतलं तरी जाऊ नको."

"अवं बाई, आत्ता तर आली मी," सुनयनाबाई म्हणाल्या. त्यांचा हात मुलीच्या पाठीवरून फिरू लागला होता. "आधी हे सांग, जेवन जाते का? अन् पाय एवढे काऊन सुजले? तुम्ही हिला मीठ कमी नाही का करून दिलं?" हा शेवटचा प्रश्न सासूबाईंना होता. प्रिन्सिपाल राहिलेल्या सासूबाईंना मराठी कळत नव्हती, पण सूर कळला असावा. त्या विद्यार्थिनीसारख्या मान हलवत दोन पावलं पुढे आल्या.

नागनाथराव दोन्ही बॅगा धरून मागेच उभे होते. वृषालीनं आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, तुमी काऊन रडून राह्यले?"

"रडत नाई," नागनाथराव तोंड फिरवत म्हणाले. "विमानानं कान दुखून राह्यला."

आणि कान दुखतच होता, हेही खरं.