नोजिरींचं तिसरं इंजिन

रविवारी सकाळी नोजिरी स्वतःच्या गाडीखाली उताणे पडले होते आणि त्यांना भयंकर घाई होती. घाईचं कारण सायलेन्सर. शिबुकावा गावात त्याच एका जातीची टर्बो गाडी बाळगणारी अकरा वेडी माणसं होती, आणि अकरा जणांत मिळून कंपनीचा मूळ, मुकाट, कायदेशीर सायलेन्सर एकच उरला होता. दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी आली, की ज्याची पाळी तो हा सायलेन्सर घरी नेई, आपलं डरकाळ्या फोडणारं नळकांडं उतरवून तो बसवी, गरीब चेहरा करून तपासणीतून सुटे आणि दुसऱ्या दिवशी सायलेन्सर पुढच्याच्या स्वाधीन करी. या व्यवहारात आजवर कुणाचा एक दिवससुद्धा उशीर झालेला नव्हता. कायदा मोडायचा तरी वेळेवर मोडायचा, एवढी शिस्त गावात होती.

पुढची पाळी ओबुची मास्तरांची. त्यांना बारा वाजता बोलावलं होतं, म्हणून ते साडेअकरालाच फाटकाशी येऊन उभे राहिले होते.

"तुमचं चालू द्या सावकाश. मीच लवकर आलोय," मास्तर म्हणाले.

"नाही नाही, झालंच! दोनच मिनिटं!" नोजिरी गाडीखालून ओरडले.

दर पाच मिनिटांनी हाच संवाद होत होता. मास्तर जितक्या नम्रपणे म्हणत, तितका नोजिरींचा पाना जास्त घसरे. सायलेन्सर निघाला, नळकांडं चढलं. मग वरची बाजू. तपासणीसाठी लावलेला, इंजिनात हवा नेणारा मूळ डबा काढून आपली लाडकी मोठी जाळी आणि रुंद पाइप लावायचा होता. अकरा अठ्ठावन्नला शेवटचा स्क्रू पिळला गेला आणि बरोबर बाराला सायलेन्सर मास्तरांच्या हाती पडला. दोघांनी तीन तीन वेळा वाकून एकमेकांचे आभार मानले.

आता या गाडीबद्दल थोडं. कंपनीनं तिला अडीचशे घोड्यांची ताकद दिली होती. घरापासून कारखाना चार किलोमीटरवर, वाटेत सात सिग्नल, वेगाची मर्यादा पन्नास. एवढ्या प्रवासाला अडीचशे घोडे कमी पडतात असं नोजिरींना वाटलं आणि त्यांनी ते पाचशे करून घेतले. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त कोंबली की पेट्रोल जास्त जळतं आणि गाडी जास्त पळते. फारच कोंबली की इंजिन फुटतं. नोजिरींचं पहिलं इंजिन असंच फुटलं. दुसरंही असंच फुटलं. मग हान्युदा नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं तिसरं इंजिन स्वतःच्या हातानं बांधून दिलं, आणि त्याच दिवशी नोजिरींच्या बायकोनं, फुसाएबाईंनी, नवऱ्याकडून एक कागद लिहून घेतला. "माझ्या चुकीने पुन्हा इंजिन गेले, तर मी गाडी विकीन." खाली सहीच्या जागी नोजिरींचा लाल शिक्का. कागद फ्रिजच्या दारावर लावलेला होता. नोजिरींना रोज दूध काढताना तो वाचावा लागे.

जेवण झाल्यावर ते गाडी घेऊन आकागी डोंगराच्या रस्त्याला लागले. चढ सुरू झाला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. गाडीला दम नव्हता. पाय दाबला तरी ती नाक चोंदल्यासारखी सूं सूं करत होती.

शहाण्या माणसानं अशा वेळी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं असतं. नोजिरींनी टर्बोचा दाब वाढवायचं बटण थोडं उजवीकडे फिरवलं. फरक पडला नाही. अजून थोडं फिरवलं. हान्युदांनी त्या बटणावर लाल रंगाची एक रेघ मारून "याच्या पुढे आपली ओळख संपली" असं सांगितलं होतं. नोजिरींनी रेघ ओलांडली.

पुढच्या वळणावर आतून कापड फाटल्यासारखा आवाज आला, मग चमच्यांचा डबा जिन्यावरून पडावा तसा, आणि मग काहीच नाही. मागे डोंगर दिसेनासा होईल इतका पांढरा धूर. गाडी कोन्न्याकूच्या कंदांच्या शेताच्या कडेला जाऊन थांबली.

नोजिरी स्टीअरिंग धरून बसून राहिले. धूर विरला तसं त्यांना लख्ख आठवलं. पाइप उघडा असताना आत स्क्रू पडू नये म्हणून त्यांनी त्याच्या तोंडात एक टॉवेल कोंबला होता. नवीन वर्षाला कारखान्यानं वाटलेला, कारखान्याच्या नावाचा. तो बाहेर काढल्याचं मात्र काही केल्या आठवत नव्हतं.

ज्या माणसानं बावीस वर्षं कारखान्यात त्याच कंदांपासून बनणाऱ्या कोन्न्याकूच्या लिबलिबीत वड्यांमधून केसाएवढा कचरा शोधून काढला, त्याला हातभर टॉवेल दिसला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, चूक कुणाची याबद्दल आता शंकेला जागा नव्हती, आणि फ्रिजवरचा कागद नेमका चुकीबद्दलच होता.

टोइंगची गाडी येईपर्यंत नोजिरींनी पुष्कळ विचार केला. टॉवेल सुती. इंजिन तापलेलं. म्हणजे तो जळून राख झाला असणार. राखेवर कुणाचं नाव नसतं. उरलं इंजिन, आणि इंजिन बांधलं होतं हान्युदांनी.

"हान्युदा-सान, मी काही म्हणत नाही," गॅरेजमध्ये पोचल्यावर ते म्हणाले. "पण चौदाच महिने झालेत हो."

सत्तरीचे हान्युदा हात पुसत बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग नोजिरींकडे पाहिलं.

"दाब किती ठेवला होता?"

"तुमच्या रेघेच्या आतच!"

"आणि शाकेनच्या, त्या सरकारी तपासणीच्या वेळी सामान बदललं ते कुणी?"

"मीच. पण ते काय, चार स्क्रूंचं काम. त्यात काय चुकणार?"

हान्युदा म्हणाले, "बरोबर आहे. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल. उघडून बघतो."

घरी आल्यावर नोजिरींनी सुस्कारा सोडला, मोठा, फुसाएबाईंना स्वयंपाकघरात ऐकू जाईल असा.

"म्हातारे झाले बिचारे हान्युदा-सान. हात थरथरतो आताशा."

"मागच्या महिन्यात तर तुम्ही म्हणत होता, त्यांच्यासारखा हात अख्ख्या गुन्मा प्रांतात नाही."

"वय काय सांगून येतं का गं?"

फुसाएबाईंनी सूपमध्ये मिसो कालवला. नोजिरींना वाटलं, निभावलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ही हळहळ चार सहकाऱ्यांना वाटली, मंगळवारी अजून सहा जणांना. बुधवारी ओबुची मास्तरांचा फोन आला, की हान्युदांकडे द्यायची होती गाडी, पण तुम्ही म्हणता तर थांबतो. नोजिरींना खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

शनिवारी दुपारी हान्युदा घरी आले. अंगात काळा सूट, बहुधा कुणाच्या तरी अंत्यविधीचा, हातात मिठाईचा खोका. चटईवर गुडघे टेकून त्यांनी आधी फुसाएबाईंसमोर कपाळ जमिनीला लावलं, मग नोजिरींसमोर.

"वहिनी, इंजिन उघडलं. चूक माझी आहे. तुम्हाला फार त्रास झाला."

नोजिरींच्या छातीवरचा दगड उतरला. टॉवेल जळाला! त्यांना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी तातडीनं खोल दुःखाचा चेहरा केला.

"असू द्या हो हान्युदा-सान, माणूस आहे, चुकायचंच. वर करा डोकं."

"नवीन इंजिनाचं सामान मी देईन. पण बांधणार मात्र नाही," हान्युदा म्हणाले. "सेहेचाळीस वर्षांत माझ्या चुकीनं एकही इंजिन गेलं नव्हतं. गावात बोलणं झालंय, ते माझ्याही कानावर आलं. लोक म्हणतात ते खरंच असणार. हात थांबवायची वेळ झाली. या महिन्याच्या शेवटी पाटी उतरवतोय."



"पाटी?" नोजिरी म्हणाले. "म्हणजे... बंद? मग माझं इंजिन कोण बांधणार?"

"माएबाशीत एक जण आहे. तरुण आहे. तीनशे घोड्यांपर्यंत जमतं त्याला."

तीनशे! नोजिरींच्या डोळ्यांसमोर दोनशे घोडे ओळीनं फाटकाबाहेर निघून गेले. आधी त्यांना स्वतःची कीव आली, हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण समोर तो म्हातारा अजून वाकलेलाच होता. कोटाची बाही मनगटावर विरलेली, नखांत कधीच न निघणारं काळं तेल. त्या हातांकडे बघता बघता नोजिरींना एकाएकी स्वतःची इतकी लाज वाटली की बसवेना.

"हान्युदा-सान, थांबा! पाटी उतरवू नका. तो टॉवेल माझा होता!"

फुसाएबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली.

"कुठला टॉवेल?"

आत्तापर्यंत टॉवेलचं नाव कुणीही काढलेलं नव्हतं. नोजिरींना ते कळलं, पण तोंड सुरू झालं होतं. पाइप, घाई, ओबुची मास्तर, बटण, लाल रेघ, सगळं बाहेर आलं. मग ते कपाळ चटईला लावून पडून राहिले.

हान्युदांनी हळूच पिशवीतून पांढऱ्या कागदात बांधलेलं एक पुडकं काढून पुढे सरकवलं. आत टॉवेलच्या अकरा चिंध्या होत्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, जुळवून ठेवलेल्या. कारखान्याचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"बायकोनं धुऊन दिल्या," हान्युदा म्हणाले. "तुमच्या कारखान्याचा माल मजबूत हो. एवढं होऊन रंग नाही गेला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" नोजिरी चटईतूनच बोलले.

"सोमवारीच कळलं. मी म्हटलं, नोजिरी-सान स्वतःच सांगतील. मंगळवारी म्हटलं, आज सांगतील. मग शुक्रवारी सूट बाहेर काढला."

फुसाएबाई उठल्या. फ्रिजच्या दाराचा आवाज झाला. त्यांनी कागद आणून नवऱ्याच्या डोक्याशी ठेवला.

"अहो, विकायचं लिहिलंय ना? विका."

"फुटलेलं इंजिन कोण घेणार गं?" नोजिरींनी शेवटची आशा धरून विचारलं.

"मी घेते," फुसाएबाई म्हणाल्या. "वीस वर्षं गाडी चालवतेय, मला एक दंड नाही. हान्युदा-सान, इंजिन बांधाल का माझ्यासाठी?"

"वहिनी, तुमच्यासाठी तर सूट काढून आत्ता सुरू करतो," म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

नोजिरींनी सोमवारी कारखान्यात त्याच दहा जणांना गाठून, एकेकाला वाकून, खरी हकिगत सांगितली. आठ जण हसले आणि दोघांनी ती पुन्हा सांगायला लावली. ओबुची मास्तरांनी गाडी हान्युदांकडे दिली. मालकीच्या कागदावर नोजिरींनी स्वतःचा लाल शिक्का मारला.

दोन महिन्यांनी नवीन इंजिन तयार झालं. पहिले हजार किलोमीटर ते सबुरीनं चालवून बसवायचं असतं. रविवारी सकाळी फुसाएबाई टोपी घालून, डबा घेऊन बहिणीकडे निईगाताला निघाल्या. नोजिरी बूट घालून, केस विंचरून दुसऱ्या दाराशी उभे होते.

"मी येऊ ना? काही झालं तर सोबत असावं."

फुसाएबाईंनी काच अर्धी खाली घेतली.

"हान्युदा-सान म्हणालेत, पहिले हजार किलोमीटर गाडीत फालतू वजन नको."

गाडी मऊ आवाजात फाटकाबाहेर पडली, वळणावर वेळेवर इशारा दिला आणि दिसेनाशी झाली. नोजिरी पाहुण्याला निरोप द्यावा तसे रस्त्यात वाकून उभे होते. शेजारच्या त्सुनोदा आजी झाडू घेऊन बाहेर आल्या.

"किती छान चालली हो! कुणाची गाडी?"

नोजिरी सरळ झाले. खिशात किल्ली चाचपायची जुनी सवय होती. हात रिकामाच बाहेर आला.

"आमच्या हिची," ते म्हणाले.