स्वयंपाकघरावरचा जोड

आखातात, मदिनत खलीफातल्या एका जुन्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर शशिकांत एकटा राहायचा. मुलगी गार्गीच्या कॉलेजसाठी बायको मृणालिनी तिच्यासोबत पुण्याला जाऊन राहिली, तेव्हापासून घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. ऑफिसात इंग्रजी, साइटवर हिंदी, आणि गार्गीला फोनवर काही विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच. मृणालिनीशी होणारं संध्याकाळचं बोलणं सोडलं, तर त्याच्या कानावर मराठी पडायची ती फक्त एसीच्या जाळीतून.

खालच्या मजल्यावर दापोलीकडचं जोडपं होतं, नसरुद्दीन आणि ताहेरुन्निसा. दोन्ही मजल्यांना एसी एकच, गच्चीवरचा. त्याच्याकडे हवा परत नेणारा पत्र्याचा डक्ट ताहेरुन्निसाच्या स्वयंपाकघरावरून जायचा आणि तिथला एक जोड सुटला होता. खाली लसणाची फोडणी पडली की वर शशिकांतच्या हॉलमध्ये दरवळ सुटायचा. पाठोपाठ यायचं ते ताहेरुन्निसाचं गावाकडच्या बहिणीशी चाललेलं बोलणं. बहिणीच्या सुनेचे डोहाळे, परसातल्या फणसावर टपलेली माकडं, सगळं शशिकांतला पाठ झालं होतं. सुके बोंबील भाजल्याचा वाससुद्धा हा जन्माचा शाकाहारी माणूस निमूटपणे घेत असे. एरवी लोकांच्या घरातल्या डक्टची गळती शोधून ती बंद करायला लावणं, हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता.

मग घरमालकाने दुरुस्ती काढली. तिच्या परवानगीसाठी घर ऊर्जेच्या नियमांत बसवणं भाग होतं: गच्चीवर उष्णता अडवणारा थर, डक्टभोवती ग्लासवूलचं जाड वेष्टण आणि सगळे जोड हवाबंद. हे जमलं नाही तर दोन्ही बिऱ्हाडांना घर सोडावं लागणार होतं. तू इंजिनियर आहेस, इथेच राहतोस, तूच बघ, खलास, असं शशिकांतला सांगून घरमालक मोकळा झाला.

शशिकांतने काम चोख करून घेतलं. पण कामगार स्वयंपाकघरावरच्या त्या जोडापाशी आले तेव्हा त्याची जीभ अडखळली. याला वेगळं सामान लागतं, याचं मी नंतर बघतो, असं त्याने ठोकून दिलं. वेगळं सामान वगैरे काही लागत नव्हतं. दुसऱ्या कुणी ही सबब सांगितली असती तर शशिकांतने त्याला उभा सोलला असता.

चाचणीच्या दिवशी सकाळी मात्र त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने मुकादमाला फोन करून, माणसं पाठवून तो जोड बंद करायला सांगितलं. फोन ठेवून तो दुपारपर्यंत साइटवर निघून गेला; जोड बंद होतानाचा आवाज त्याला ऐकायचा नव्हता.

दुपारी चाचणी घ्यायला गुरुप्रसाद आला. तो मंगळूरचा, पण मुंबईत वाढलेला. त्याने सगळ्या जाळ्यांना प्लास्टिक चिकटवलं आणि पंख्याने डक्टमध्ये हवा भरली. दाब काही टिकेना. हवा कुठून तरी पळत होती. शेवटी त्याने धुराचं यंत्र लावलं. धूर जिथून निघेल तिथे गळती, इतकं ते सरळ होतं. फक्त धूर सोडणार हे खालच्या लोकांना सांगायचं राहून गेलं.

ताहेरुन्निसा बांगडे तळत होती. तव्यातून येतो त्यापेक्षा जास्त धूर छतातून यायला लागला, तेव्हा तिने गॅस बंद केला आणि झोपलेल्या नसरुद्दीनला हलवलं. त्याने डोळे उघडले, धूर पाहिला आणि सरळ अग्निशमन दलाला फोन लावला. वर गुरुप्रसाद धूर कमी पडतोय म्हणून आणखी सोडत होता.

बंब आला. जवानांनी स्वयंपाकघराचं फॉल्स सीलिंग उघडलं. आग कुठेच नव्हती, आ वासलेला तो जोड तेवढा होता. घरमालकही धावत आला. हे काम कोणाचं, असं अधिकाऱ्याने विचारलं. सकाळचा निरोप कामगारांपर्यंत पोचलाच नसणार असं धरून शशिकांत पुढे झाला. चूक माझीच आहे, असं तो इंग्रजीत सांगू लागला, तेवढ्यात ताहेरुन्निसा पदर सावरत मध्ये आली.

"त्यांची नाय चूक. सकाळी माणसं आली होती जोड बंद करायला. मीच परत धाडली."

"कशाला गो?" नसरुद्दीनने चकित होऊन विचारलं.

"आमची पोर नबीला सासरी गेल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळी हे भाऊ फोनवर वहिनींशी बोलतात, ते खाली ऐकू येतं. घरात माणसं असल्यासारखं वाटतं." मग ती शशिकांतकडे वळली. "पण जेवलो म्हणून त्यांना रोज खोटं कशाला सांगता हो? वर कधी भांडं वाजत नाय तुमच्या."

शशिकांतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ही काय म्हणते, असं घरमालकाने विचारलं. सगळं समजलेल्या गुरुप्रसादने तांत्रिक कारण आहे एवढंच सांगितलं.

बंब गेल्यावर शशिकांत स्वतःच शिडीवर चढला. शिडी नसरुद्दीनने धरली, आणि रात्री जेवायला खालीच या म्हणून बजावलं. शशिकांतने जोडाला लुकण भरलं, त्यावर ग्लासवूल गुंडाळलं आणि चंदेरी चिकटपट्टी ओढून घट्ट बसवली. आता दाब टिकला. घर पास झालं.

संध्याकाळी जाळीतून स्वच्छ, गार हवा आली. तिला कसलाच वास नव्हता. शशिकांतने मृणालिनीला फोन लावला. जेवलात का, असं तिने विचारलं, आणि त्याने नाही म्हणून सांगितलं.

"आज खरं बोललात," ती म्हणाली. "मग बसलात काय? उठा."

फोन कानाला तसाच धरून तो जिना उतरला. दार ताहेरुन्निसाने उघडलं. फोनवर वहिनी आहेत हे कळताच तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि बोलत बोलत आत निघून गेली. नसरुद्दीनने ताट मांडलं: तांदळाची भाकरी, डाळ आणि त्याच्यासाठी मुद्दाम केलेली भेंडी. आतून मृणालिनीचं हसू ऐकू येत होतं. शशिकांतशी फोनवर बोलताना ती इतकी मोकळी कधी हसली नव्हती.

"फोन आता लवकर हाती लागत नाय, भाऊ," नसरुद्दीन म्हणाला. "आणखी एक भाकरी घ्या."

शशिकांतने ताट पुढे केलं.