दोनदा सांगणार नाही

मला राग येत नाही, असं माझं मत आहे. (बायकोचं मत वेगळं आहे, पण लिहितोय मी.) तरीही इंग्रजीच्या परीक्षेत ऐकून उत्तरं लिहायचं रेकॉर्डिंग एकदाच वाजवायचं, हे ज्याने ठरवलं तो भेटला तर मी त्याला सोडणार नाही. त्यात एक बाई हॉटेलात फोन करते. खोली मंगळवारी हवी म्हणते, मग बुधवारी म्हणते, मग माणसं वाढवते. अहो बाई, आधी घरी बसून ठरवा ना! तुमचं काही ठरत नाही आणि मार्क माझे जातात!

आमच्या ऑफिसातून एका कारकुनाला परदेशातल्या शाखेत पाठवायचं होतं. मी आणि हिशेब विभागातला टकल्या, असे दोघंच उरलो होतो. तो पास होऊन बसला होता. मी लिहिण्या-वाचण्या-बोलण्यात पास, ऐकण्यात सपशेल आडवा. साहेबांनी तेवढाच भाग पुन्हा द्यायची शेवटची संधी दिली होती.

"तुम्हाला ऐकायची सवयच नाही," बायको म्हणाली. "एकेक गोष्ट तीनतीनदा सांगावी लागते."

"म्हणूनच!" मी कडाडलो. "तूच बिघडवलेस माझे कान! आजपासून या घरात कोणी काही दोनदा सांगायचं नाही. परीक्षेसारखं. ऐकलं तर ऐकलं, नाही तर गेलं!"

"नक्की?"

"नक्की!"

ती गोड हसली. (लग्न झालेल्या माणसाने तिथेच माघार घ्यावी.)

दुसऱ्याच दिवशी ऑफिसला निघता निघता मी कानाला हेडफोन लावून बाथरूममध्ये शिरलो आणि ओल्या सिमेंटमध्ये बुटासकट रुतलो.

"हे मला सांगितलं का नाही कोणी?"

"सांगितलं की," मुलगी म्हणाली. "एकदा."

बाथरूमची जमीन नव्याने करणारा गवंडी मात्र शांत होता. "काळजी नको साहेब, बाई म्हणाल्याच होत्या तुम्ही पाय घालणार म्हणून. माल जास्तीचा कालवलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नियम मोडला असता तर नाक कापलं गेलं असतं. मी हेडफोन आणखी घट्ट बसवले आणि त्या हॉटेलवाल्या बाईकडे वळलो.

परीक्षेच्या दिवशी दुपारी मी केंद्रावर पोहोचलो. एका बुटावर सिमेंट होतं, पण कान तयार होते. टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमची परीक्षा सकाळी झाली. वेळ बदलली म्हणून घरी फोन केला होता आम्ही."

मी घरी कसा आलो ते मला माहीत नाही. जिन्यातली माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली, एवढं आठवतं.

"फोन आला होता?"

"आला होता. तेव्हाच सांगितलं तुम्हाला."

"मी काय म्हणालो?"

"मान डोलावलीत. मग बोट वर करून गप्प बस म्हणालात. कानात तुमची ती बाई होती."

"अगं, मग हलवायचं मला! ओरडायचं!"

"म्हणजे दोनदा सांगायचं?"

मग मात्र माझा तोल गेला. परीक्षेवर, केंद्रावर, टकल्यावर, गवंड्यावर, तिच्या माहेरावर, सगळ्यांवर मी तोंडसुख घेतलं. मध्येच तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. थांबलो तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काही म्हणालीस?"

"साहेबांशी बोलले मी. ते थांबायला तयार आहेत. केंद्राकडून पुढची तारीखही घेतली."

"कधीची?"

"तेच सांगितलं आत्ता."

मी मुलीकडे बघितलं. "बाबा, नियम तुमचाच आहे," म्हणून ती अभ्यासाला बसली.

नाक मुठीत धरून विचारणाऱ्यांतला मी नव्हे. मी थेट केंद्राला फोन लावला. तिथे पुढच्या परीक्षांच्या तारखा रेकॉर्ड करून ठेवल्यात, इंग्रजीत. हवं तितक्या वेळा ऐकता येतात.

आठवडा झाला, ऐकतोय.