पंच नसलेला खेळ

"यंदा तुमची आणेवारी कशी हाय?" बाबारावांनी नातीला विचारलं.

फुलसावंगीत पिकाचा अंदाज ज्या शब्दात विचारतात, त्याच शब्दात त्यांनी खेळाचा अंदाज विचारला होता. उर्वशी नागपूरला कॉलेजात शिकायची आणि तिथल्या 'भिरभिरे' नावाच्या क्लबकडून फ्रिस्बी खेळायची. यंदा ती त्या क्लबची कॅप्टन झाली होती. परीक्षा आटोपून ती आदल्या दिवशीच गावी आली होती आणि ओसरीवर आजी तुळसाबाईंजवळ बसून तुरीची डाळ निवडत होती.

"चांगली हाय आबा. दोन जुने खेळाडू गेले, पन नव्या पोरी जोरात धावून राह्यल्या. या महिन्यात अमरावती, मंग यवतमाळ, अन् शेवटी वणी. तिन्ही गावचं मिळून जे चार क्लब पुढं राह्यतीन, ते चेन्नईले जातीन. समुद्राच्या वाळूवर मोठी स्पर्धा हाय तिथं."

"समुद्र पाह्यला काय तू?"

"फोनमधी."

"मंग आणेवारी पन्नास पैशाच्या वरच पाह्यजे," बाबाराव म्हणाले.

तुळसाबाईंनी सूप आपटलं. "पोट्टी ताटली फेकाले गावोगाव हिंडते, अन् घरची ताटली उचलून मोरीत ठेवत नाही."

उर्वशीनं हसत खेळ समजावून सांगितला. दोन्ही बाजूंनी सात-सात जण. प्लॅस्टिकची चकती एकमेकांकडे फेकायची. चकती हातात असताना पळायचं नाही. मैदानाच्या टोकाला आखलेल्या पट्ट्यात आपल्या माणसानं ती झेलली की एक गुण. झेलताना पाय रेषेवर पडला तर तो बाहेर.

"अन् पाय रेषेवर पडला का नाही, हे पंच सांगते," बाबाराव म्हणाले.

"पंच नसते आबा."

"नसते म्हंजे?"

"खेळणाऱ्यानं सोताच सांगायचं. नाही पटलं तं दोघांनी बोलून ठरवायचं. तरी नाही मिटलं तं चकती फेकणाऱ्याकडं वापस."

बाबाराव गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते आणि आजवर एकशे सात तंटे त्यांनी मिटवले होते. मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि त्यांचं काम दुपटीनं वाढलं. ज्यांच्या घरात एरवी कापूस ठेवायला जागा पुरत नसे, त्यांना आता दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ कोणाची हे आठवायला लागलं होतं. भाऊ भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन जाई आणि बाबाराव मध्ये उभे राहून म्हणत, "बसा खाली. दोघंही बसा." त्या आवाजात काहीतरी होतं. माणसं बसत. एकदा बसल्यावर कुऱ्हाड चालवणं अवघड असतं.

"गरीब खेळ दिसते," ते शेवटी बायकोला म्हणाले. "पंच भेटत नसन त्याहिले."

अमरावतीला उर्वशीचा क्लब तिसरा आला. यवतमाळला सहावा. वणीचा शेवटचा सामना चंद्रपूरच्या क्लबशी होता आणि तो जिंकला तरच चौथी जागा मिळणार होती. फोनवर हे ऐकलं त्याच दिवशी बाबारावांनी धोतर इस्त्रीला दिलं.

"तुम्ही कायले जाता?" तुळसाबाईंनी विचारलं.

"कॅप्टन हाय माही नात. कोनी तं पाह्यजे घरचं."

"तिथं जाऊन तोंड नका उघडू."

"मी काहून उघडतो?"

या उत्तरावर विश्वास न बसल्यानं तुळसाबाईही निघाल्या. वणीला त्यांची धाकटी बहीण तानाबाई राहायची, म्हणून मुक्कामाची सोय होती. फुलसावंगीहून महागाव, तिथून यवतमाळ, यवतमाळहून वणी, असा एसटीचा दिवसभराचा प्रवास झाला. पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि तानाबाईसाठी मुगवड्या होत्या. वाटेत शेजारी बसेल त्याला बाबारावांनी सांगितलं की, फुलसावंगीची एक पोरगी चेन्नईला जाणार आहे. जाणारच आहे, असं सांगितलं.

वणीचं मैदान कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून होतं. सकाळी पांढरे कपडे घालून उतरलेले खेळाडू अर्ध्या तासात राखाडी होत. मे महिन्याच्या उन्हामुळे सामने सकाळी सहाला सुरू करत आणि नऊच्या आत आटोपत. फक्कीच्या पांढऱ्या रेषा, कडेला एक पत्र्याची छत्री, शेजारी चहाची गाडी. बाबाराव आणि तुळसाबाई चहाच्या गाडीजवळच्या बाकावर बसले. उर्वशीनं लांबूनच हात केला.

सामना बरोबरीत चालला होता. बाबारावांना निम्मं कळत होतं आणि निम्मं अभिमानानं भरून निघत होतं. उर्वशी ओरडायची, हात दाखवायची आणि तिच्यापेक्षा हातभर उंच पोरं तिचं ऐकून धावायची. बारा-बारा झाले. आता जो गुण करील तो जिंकणार.

चकती लांबून आली. उर्वशी आणि चंद्रपूरचा अक्षय नावाचा उंच मुलगा, दोघांनी एकदमच उडी मारली. चकती उर्वशीच्या हातात आली आणि ती पट्ट्याच्या कडेला पडली.

"आत!" उर्वशी म्हणाली.

"बाहेर! पाय लाईनवर पडला," अक्षय म्हणाला.

"नाही पडला."

"पडला ना यार, मी इथंच होतो."

"मीबी इथंच होती. पाय माहाच होता."

दोघांच्या मागे दोन्ही संघ जमले. आवाज चढले. तुळसाबाईंनी शेजारी हात लावून पाहिलं. बाक रिकामं होतं.

"बसा खाली," मैदानाच्या मधोमध आवाज आला. "दोघंही बसा. बाकीचेबी बसा."

चौदाही जण बसले. का बसलो, हे त्यांच्यापैकी कोणालाच नंतर सांगता आलं नाही. उर्वशीही बसली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"आबा..." ती हळूच म्हणाली.

"गप. एक-एक जन बोलन." बाबाराव अक्षयकडे वळले. "तू सांग पयले. खोटं बोलशीन तं मले कळते."

"पण तुम्ही कोण?"

"अध्यक्ष," बाबाराव म्हणाले. ते खरंच होतं.

त्यांनी अक्षयचं म्हणणं ऐकलं, उर्वशीचं ऐकलं, दोन्हीकडचे दोन-दोन साक्षीदार ऐकले. साक्षीदारांनी आपापल्या संघाप्रमाणे साक्ष दिली, तेव्हा ते समजूतदारपणे हसले. फुलसावंगीतही असंच होई. मग ते उठून रेषेपाशी गेले, धोतराचा सोगा सावरून ओणवे झाले आणि धुरा मोजतात तसे पावलाला पाऊल लावत रेषेवरून चालत गेले.

"हे कोनं आखली?" त्यांनी तिकडून हाक मारली. "दीड पाऊल आत घुसली हे लाईन! त्या टोकाले सरळ, या टोकाले वाकडी!"

ही हाक छत्रीखाली पाणी पीत बसलेल्या अमरावतीच्या संघानं ऐकली. ते त्याच सकाळी त्याच टोकाला एका गुणानं हरले होते.

"बाबा, आमचाबी पॉइंट तिथंच गेला!" म्हणत ते सातही जण धावत आले. त्यांच्यामागून त्यांना हरवणारा संघ आला, कारण आता त्यांचा विजय धोक्यात होता. मैदानाचा चौकीदार आला आणि म्हणाला की रेषा त्यानं आखली, पण चहाची गाडी आडवी आल्यामुळे त्याला वळावं लागलं. चहावाला किटली घेऊनच आला. गाडी दहा वर्षांपासून तिथंच आहे, वळायचं असेल तर मैदानानं वळावं, असं त्याचं म्हणणं पडलं. रस्त्यावर कोळशाचे दोन ट्रक थांबले आणि त्यांचे ड्रायव्हर टपावर चढून पाहू लागले.

"लाईन लावा," बाबाराव म्हणाले. "पयले ह्या दोघाईचं. मंग अमरावती. चहा सगळ्यात शेवटी."

आणि खरोखरच रांग लागली.

बाबाराव पुन्हा रेषेवर ओणवे झाले. फक्कीत टाचेचा एक ताजा ठसा होता आणि ठशाच्या मधोमध चांदणीची नक्षी. "सगळ्याईनं बूट वर करा," ते म्हणाले. चौदा जण मैदानात मागे हात टेकून पाय आकाशाकडे करून बसले. ट्रकवरच्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. बाबाराव एकेक तळवा पाहत पुढं सरकत गेले आणि शेवटच्या बुटापाशी थांबले.

चांदणी उर्वशीच्या बुटाला होती.

चेन्नई, वाळू, एसटीत सांगितलेल्या सगळ्या गोष्टी, सगळं त्या एका टाचेखाली होतं. वाकडी रेष काय, दुसऱ्या टोकाला वाकडी होती. इथं ती सरळ होती.

"पाय लाईनवर हाय," ते म्हणाले. "पॉइंट नाही."

चंद्रपूरवाल्यांनी आरोळी ठोकली. उर्वशीनं बुटाकडे पाहिलं, मग ठशाकडे. "खरंच हाय," ती म्हणाली. "मले वाटलं आत हाय."

इतक्यात स्पर्धा भरवणारी प्रेरणा मैदानावर आली. डोक्याला टोपी, हातात कागद, तोंडावर घाम. "हे काय चाललंय? हे आजोबा कोण आहेत? बाहेरच्या माणसानं खेळात पडायचं नसतं. कुठल्या संघाचे आहेत हे? ज्यांचे असतील, त्यांचे मी वर्तणुकीचे गुण कापणार. चौथ्या जागेची बरोबरी झाली तर ते गुण मोजले जातात, माहीत आहे ना?"

बाबारावांना आपण काय केलं ते आता कळलं. त्यांनी घसा साफ केला.

"मी कोनाचाच नाही बाई. रस्त्यानं चाललो होतो."

एकशे सात तंट्यांत त्यांनी असं कच्चं खोटं कोणाकडून ऐकलं नव्हतं. त्यात मैदानाच्या कडेवरून तुळसाबाईंनी हाक मारली, "अजी, या ना आता इकडं! काय बह्याडासारखं करून राह्यले!"

प्रेरणानं सगळ्यांकडे पाहिलं. उर्वशी उठून उभी राहिली.

"माझे आजोबा आहेत," ती म्हणाली. "आमच्या क्लबकडून लिहा. कापा गुण."

"तुझे आजोबा?" अक्षय उठला. "म्हंजे यांनी सोताच्याच नातीचा पॉइंट घालवला?"

"थे तं बुटानं सांगतलं," बाबाराव पुटपुटले.

अक्षयनं मान खाली घातली. पायानं कोळशाची धूळ उकरली. "एक गोष्ट राहिली सांगायची," तो म्हणाला. "उडी मारली तेव्हा माझं कोपर लागलं हिला. त्यानंच ही लाईनवर गेली. फाऊल माझा आहे. पॉइंट हिचाच."

"मले नाही लागलं कोपर," उर्वशी म्हणाली.

"लागलं. मला जाणवलं ना."

"आंग माहं हाय. मले नाही जाणवलं. पॉइंट नाही आमचा."

"घे ना यार, तुमचाच आहे!"

"नाही घेत! पाय लाईनवर होता!"

आवाज पुन्हा चढले. दोन्ही संघ पुन्हा मागे जमले, पण या वेळी चंद्रपूरचे पोट्टे अक्षयला सांगत होते की पॉइंट तिला दे, आणि भिरभिरेवाले उर्वशीला सांगत होते की घेऊ नको. बाबाराव एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिले. माझं माझं म्हणणारे त्यांनी आयुष्यभर बसवले होते. तुझं तुझं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं, हे समितीच्या कोणत्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.

"बसा..." ते म्हणाले. कोणीच बसलं नाही.

"आजोबा, तुम्हीच बसा आता," प्रेरणा म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "यांचं मिटत नाही म्हणजे नियम सरळ आहे. चकती फेकणाऱ्याकडे परत, पॉइंट पुन्हा खेळा. आणि गुण कापायचे की नाही, ते चंद्रपूरवाल्यांना विचारून ठरवते. दुपारी बघू."

रांग मोडली. बाबाराव चहाच्या गाडीपाशी आले आणि मैदानाकडे पाठ करून बाकावर बसले.

"इकडं तोंड करा," तुळसाबाई म्हणाल्या.

"नाही. पाह्यलं तं पाय उठतीन माहे. तू सांग."

"मले काय समजते त्यातलं?"

"दिसते तं ना? सांग."

तुळसाबाईंनी डोळ्यांवर हात धरला. "फेकली. त्या ठेंगण्या पोरीकडं गेली. तिनं उलटी फेकली, कायले कोनास ठाऊक. आता एका पोट्ट्याकडं हाय. उर्वशी पळून राह्यली. लंबू मांगं हाय तिच्या. लय जोरात पळून राह्यली, अजी. शाळेत उशीर झाल्यावर कधी पळाली नाही अशी."

"पुढं सांग!"

"फेकली! लांब फेकली. उडाले दोघंही."

"पाय कुठं हायेत तिचे?"

"जमिनीवर नाहीत."

बाबारावांनी बाकाची कड घट्ट धरली.

"पकडली!" तुळसाबाई म्हणाल्या. "पडली. लोळली. धुळीत दिसून नाही राह्यली काही."

"आत हाय का बाहेर?"

"थांबा. थो लंबू ओणवा होऊन जमीन पाहून राह्यला. तुमच्यासारखाच ओणवा झाला. उर्वशी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली. आता उठला. हात वर केले त्यानं दोन्ही. 'आत' म्हनते. सोताच म्हनते, आत." त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. "मिटलं, अजी. तुम्हाले न इचारता मिटलं."

बाबाराव वळले. मैदानात राखाडी झालेली चौदा पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल करून उभी होती, आणि त्यांतली कोणती कोणत्या संघाची हे आता ओळखू येत नव्हतं. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. पुसायला अंमळ जास्तच वेळ घेतला. मग ते चहावाल्याकडे वळून म्हणाले, "थे मधातली दिसते ना, मोठ्यानं हासून राह्यली थे? माही नात हाय."

"हाव बाबा," चहावाला कपात चहा ओतत म्हणाला. "ट्रकवालेबी खाली उतरून हेच सांगून राह्यले. आता माह्या गाडीचं काय करता ते सांगा."

"दोघं बोलून मिटवा," बाबाराव म्हणाले आणि चहाचा कप घेऊन नातीकडे निघाले.