जगदेवची नळी आणि पोळ्याचा मान

अनसिंगात पोळ्याला पहिली जोडी जगदेवची. तोरणाखाली त्याचे बैल उभे राहिल्याशिवाय बाकीच्यांनी शिंगसुद्धा हलवायचं नाही, असा थाट! औंदा मात्र इंद्रभाननं दंड थोपटले. म्हणे, आमचं घराणं जुनं, मान आमचा!

तेवढ्यात गावात चेतना आली. बी-बियाणांच्या दुकानवाल्या हीरालालची लेक, पुण्यात संशोधन करते. शेती पसरली ती कशी, नुसतं बियाणं हातोहात गेलं की बियाणं घेऊन माणसंच चालत आली, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी गडीमाणसांची थुंकी हवी होती. बापाकडून लेकाला मिळत आलेली खूण तिच्यात सापडते म्हणे.

"म्हंजे पयला शेतकरी कोनाचा बाप, ते समजते?" जगदेवचे डोळे चमकले.

"तसं नाही काका. घराणं कोणत्या वाटेनं आलं, तेवढंच..."

पण जगदेव ऐकतो कशाला! पारावर चढून गरजला, "ज्याची थुका जुनी, त्याच्या घरची जोडी पुढं! इंद्रभान, हाय कबूल?"

"कबूल! निकाल गावासमोर!"

चेतनानं दोघांना एकेक नळी दिली. अट एकच, आधी अर्धा तास तोंडात काही नको. आता आली का पंचाईत! जगदेवच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा सूर्यासोबत उगवतो, तो मावळायचं नावच घेत नाही. बिचाऱ्यानं घरी बसून जिवापाड प्रयत्न केला. चूळ भरायचा, घड्याळ पाहायचा, आणि पाहता पाहता हात पुडीकडे जायचा. बाहेर चेतनाची जीप हॉर्न वाजवायला लागली.

जगदेवनं नळी बायकोपुढं धरली. "तुळसे, थुक याच्यात!"

"माय वं! मी कायले?"

"इतके वर्सं या घरचं अन्न खाल्लं ना? मंग थुका कोनाची? घरचीच!"

तुळसाबाईनं कपाळावर हात मारला आणि नळी भरून दिली. जगदेवनं वर झोकात स्वतःचं नाव टाकलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पारावर ही गर्दी! चेतनानं मोबाइल उघडला.

"इंद्रभानकाकांच्या बापाकडची वाट फार जुन्या शेतकऱ्यांपर्यंत जाते."

टाळ्या! जगदेव गर्दीतून पुढं घुसला.

"अन् माही?"

"काका, जरा बाजूले या ना."

"बाजूले काहून? सांग सगळ्यायसमोर!"

"काका... यात बापाकडची खूणच नाही. हा नमुना बाईचा आहे."

पार असा हसला की झाडावरचे कावळे उडाले! इंद्रभान तर पोट धरून खालीच बसला.

"थुका माही हाय!" बायांच्या घोळक्यातून तुळसाबाई ठणकावून बोलली. "यायच्या तोंडात खर्रा होता!"

गेला! पोळ्याचा मान गेला, इज्जतही गेली. जगदेवला रडूच यायचं बाकी होतं.

"थांबा हो!" चेतना म्हणाली. "यात आईकडची खूण आहे. ती तर शेतीच्याही आधीची! या मुलखात कोणी दाणा पेरला नव्हता, तेव्हापासूनची!"

तशी इंद्रभानची म्हातारी आई, गोजराबाई, काठी आपटून उठली.

"बोली काय झाली होती? ज्याची थुका जुनी, त्याच्या घरची जोडी पुढं! थुका तुळसाची, कासरा तुळसाच्या हाती!"

आईपुढं इंद्रभाननं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली पहिली जोडी जगदेवचीच. कासरा धरून तुळसाबाई, नवं लुगडं, मान ताठ! जगदेव मागून मिशीला पीळ देत चालला. कासरा कोणाच्याही हाती असो, जोडी तर आपलीच ना!

पोळा फुटला. बैल दारात आले, मागोमाग अख्खं गाव. आता घरधनिणीनं बैलांचे पाय धुवायचे, ओवाळायचं. पण घरधनीण तर कासरा धरून उभी!

"अवो, पाहून काय राह्यले? आना ताट!"

जगदेव हळूच आत गेला आणि ताट घेऊन आला. पाय धुतले, कुंकू लावलं, डोळे मिटले आणि ताट फिरवायला लागला.

"थांबा, थांबा! उलटं ओवाळून राह्यले!" तुळसाबाई ओरडली. "शेतीच्या आधीचं समदं पाह्यजे यायले, अन् घरातलं ताट कोन्या बाजूनं फिरते, ते मालूम नाई!"